एक्क्याण्णव टक्के यंत्र

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)
८ ऑक्टोबर

तीर्थरूप कुंडलिक दाजी आणि लताताई यांस,

अंबादासचा सप्रेम जय भीम. (शाळेत पत्राचा मायना मी मुलांकडून दीड ओळीचा घोकून घेतो. घरी दोन शब्दांत भागते, आणि पत्र पोचायचे तिथे पोचते.)

दाजी, तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? ताई फोनवर सांगत होती की धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाताना तुम्ही एस.टी.त निम्मा रस्ता उभे होता, कारण बसलेल्या निवृत्त वाहतूक नियंत्रकाला ड्रायव्हर ओळखत नाहीत. एकतीस वर्षे अंबडच्या स्टँडवर तुमच्या आवाजावर गाड्या सुटल्या. आता त्याच आवाजावर घरातले मांजरसुद्धा हलत नाही, असे ताईचे म्हणणे. (शब्द ताईचे आहेत. मी फक्त पोचवतो.) इकडे माधुरी ठीक आहे. दवाखान्यात दिवसभर चाळीस बायकांना दटावून ती घरी येते आणि उरलेले मला मिळते. संघमित्राची प्रकृती ठीक. मी ठीक नाही. मी रागात आहे. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी घ्या आणि राग करू नका असे सांगितले होते. पैकी गोळी घेतो.

गेल्या महिन्यात तुम्ही विचारले होते की पोरगी बी.ए. झाली, आता काय करते, आणि मी ‘लिहिते’ एवढेच सांगून फोन माधुरीकडे दिला. त्यावरून तुम्ही सगळ्या अंबडमध्ये ती तलाठी कार्यालयात लागल्याचे सांगितलेत, असे कळले. तसे नाही. ती एका संकेतस्थळासाठी लेख लिहिते. त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण दिले तर तुम्ही मोबाइलवर उघडून पाहाल आणि त्यांच्या वाचकांत एकाची भर पडेल. तेवढाही उपकार त्या लोकांवर करायची माझी इच्छा नाही. तेथे नोकर कोणी नाही आणि मालक कोणाला दिसलेला नाही. वीस-बावीस वर्षांची पोरे आपापल्या घरी बसून लिहितात, लेखाला साडेतीनशे रुपये मिळतात, आणि वर ‘अनुभव मिळतो’ असे सांगतात. अट मात्र अशी की लेख स्वानुभवाचा हवा. आता एकवीस वर्षांच्या माणसाला असून असून अनुभव किती असणार? (त्या वयात मला एकच अनुभव होता, उपाशीपोटी पाठांतर लवकर होते हा, आणि त्यावर लेख होत नाही.) आमच्या समोरच्या इमारतीतला सम्यक तिच्याबरोबरच लिहितो. त्याने ‘नवऱ्याने पहिल्या वर्षात टाळाव्यात अशा नऊ चुका’ लिहून दिल्या. लग्न राहू द्या, त्याला दूध आणायला पाठवताना त्याची आई अजून सुटे पैसे मोजून हातात देते. पूर्वी माणसाला आधी अनुभव यायचा आणि मग तो लिहायचा. या लोकांनी ती गाडी उलटी जुंपली आहे आणि वर वेग किती छान म्हणून टाळ्या वाजवतात.

संघमित्रा मात्र पाहिले तेवढेच लिहायची. कारखान्याचा भोंगा बंद झाल्यावर इथले म्हातारे आता घड्याळ कशावर लावतात, खाडीकडच्या तिवरांत खेकडे धरणाऱ्या बायका उन्हाळ्यात काय करतात, असले. तिचे अकरा लेख आले. संकेतस्थळावर तिच्या नावाचे स्वतंत्र पान होते, वर फोटो आणि खाली अकरा लेख. हे पान तुम्ही नीट ध्यानात घ्या, कारण सगळा खेळ त्याचा आहे. एका वर्तमानपत्रात शिकाऊ पत्रकारांच्या सहा जागा निघाल्या आहेत. अर्जासोबत प्रसिद्ध झालेले दहा लेख दाखवावे लागतात, म्हणजे त्या पानाचा पत्ता द्यावा लागतो. मुदत १५ नोव्हेंबर. पोरीने सहा महिने खपून मिळवलेले प्रमाणपत्र म्हणजे ते पान. दुसरा कागद तिच्याजवळ नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी त्या लोकांची मेल आली. बारावा लेख तपासणीत नापास. त्यांच्याकडे म्हणे एक यंत्र आहे, ते लेख वाचते आणि तो माणसाने लिहिला की यंत्राने, हे सांगते. संघमित्राचा लेख एक्क्याण्णव टक्के यंत्राने लिहिलेला निघाला. सबब नियमानुसार तिचे सबंध पान काढण्यात येत आहे. आधीचे अकराही गेले. दाजी, मी अठ्ठावीस वर्षे पेपर तपासतो. नक्कल केलेला पेपर मला पान उलटण्याआधी कळतो. पण पोराला न विचारता मी कधी शून्य दिलेले नाही. त्याला बोलावतो, बसवतो, पाणी देतो, विचारतो आणि मग शून्य देतो. फाशी देतानासुद्धा माणसाला त्याचे नाव विचारतात. इथे यंत्राने आरोप केला, यंत्राने निकाल दिला आणि यंत्रानेच कळवले, आणि आरोप काय, तर तू यंत्र आहेस.

संघमित्राने मेल वाचली, लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, “जाऊ दे ना पप्पा. सोड.” (संस्कृतच्या शिक्षकाला घरी पप्पा म्हणतात. ती लढाई मी ती दीड वर्षाची असतानाच हरलो.) अन्यायाला जाऊ दे म्हणणारी मुलगी आपल्या घरात आली कुठून, हे मला कळेना. मी म्हटले, तक्रार कर. ती म्हणाली, “नको.” मी म्हटले, मग मी करतो. ती म्हणाली, “पप्पा, प्लीज, तू तर नकोच.” यातला ‘तर’ मला तेव्हा ऐकू आला नाही. रागात माणसाला अव्यये ऐकू येत नाहीत. मी तक्रार केली. त्यांच्या तक्रारपेटीत पाचशे अक्षरांची जागा असते. माझे संबोधनच दोनशेच्या पुढे गेले. उत्तर तीन सेकंदांत आले की तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे. तीन सेकंदांत माझे एक वाक्य वाचून होत नाही, हे मी स्वतः कबूल करतो. म्हणजे माझ्या पोरीला यंत्र म्हणणाऱ्यांकडे तक्रार वाचायला माणूस नव्हता. त्या दिवशी मी गोळी दोनदा घेतली.

शनिवारी शाळा अर्धी असते. इस्त्रीचा शर्ट घालून, बाराही लेखांची छापील प्रत पिशवीत घालून मी घाटकोपरहून मेट्रोत बसलो आणि अंधेरीच्या अलीकडे चकाल्याला उतरलो. काचेची इमारत. दारावरच्या रखवालदाराने विचारले, “किससे मिलना है?” मी म्हटले, संपादकांना. तो म्हणाला, “ये कौनसी कंपनी है?” त्याने माझा फोटो काढला, आधारकार्डाचा काढला, छातीवर चिकटपट्टी लावली आणि वर सोडले. (अंबडच्या स्टँडवर बेवारस पेटीलाही एवढी चौकशी नसते.) वर एक लांबलचक दालन, त्यात म्हणे चाळीस कंपन्या, आणि आपले संकेतस्थळ म्हणजे पाण्याच्या यंत्राजवळच्या शेवटच्या चार खुर्च्या. त्यांतल्या तीन रिकाम्या. चौथीवर संपादक. नाव प्रांजल, वय सव्वीस, अंगात बनियनवजा काहीतरी. एवढे सांगतो की पोरगा उठून उभा राहिला. मला हे मुळीच आवडले नाही. ज्याच्यावर ओरडायला दीड तास प्रवास करून जावे, त्याने उठून उभे राहू नये.

“बसा ना सर,” तो म्हणाला. “मला पण वाईट वाटलं. संघमित्रा आमची चांगली रायटर आहे. पण रिपोर्टच तसा आला ना.”

“रिपोर्ट कोणी दिला?”

“टूलने.”

“ते कुठे शिकलं?”

यावर तो हसला असता तर मी पुढचे पाठ केलेले भाषण केले असते. तो हसला नाही. त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. लेख होता आणि त्यात वाक्यांखाली लाल रेघा होत्या. मी चष्मा पुसून लावला. ‘ज्ञानदानाच्या पवित्र यज्ञकुंडात त्यांनी आपल्या आयुष्याची समिधा अर्पण केली आहे.’ लाल. (आपल्या घरात यज्ञ कुठून आला, हे विचारू नका. वाक्याचा तोल चांगला जमत होता.) ‘त्यांच्या निःस्पृह व्यक्तिमत्त्वाचा परिमळ पिढ्यानुपिढ्यांच्या अंतःकरणात दरवळत राहील.’ लाल. पुढे सगळे लालच. प्रांजल हळू आवाजात म्हणाला, “तुम्हीच सांगा सर. असं माणूस बोलतो का?”

दाजी, ती वाक्ये माझी होती.

आता तुम्हाला सांगायलाच हवे. पहिला लेख लिहिला तेव्हा संघमित्राने तो माझ्या मोबाइलवर पाठवला, म्हणाली, “पप्पा, वाच ना जरा.” तो कागद असा की दोघांनाही उघडतो आणि दोघांनाही त्यात लिहिता येते. ती वीस मिनिटे आंघोळीला जाते. मी चहा घेत होतो. दोन वेलांट्या चुकल्या होत्या, त्या सुधारल्या. दुसऱ्या लेखात विशेषणे फार कमी वाटली, ती घातली. तिसऱ्यापासून बाथरूमचे दार वाजले की माझी शाळा भरायची. तिने लिहिले होते, ‘घरात सुकट भाजली की खालच्या मजल्यावरचा कुत्रा वर येऊन बसतो.’ मी त्याचे केले, ‘शुष्क मत्स्याच्या उग्र गंधाने श्वानही आकृष्ट होतो.’ तेव्हा मला ते बरे वाटले होते. आणि बारावा लेख माझ्यावरच होता. तिने लिहिले होते की माझे पप्पा भाजीवाल्याशी असे बोलतात की तो घाबरून कोथिंबीर फुकट देतो, आणि जागरूक नागरिक म्हणून महापालिकेला पत्र लिहितात ते वाचायला महापालिका दुसरा माणूस शोधत फिरते. हसू नका. मीही वाचले तेव्हा हसलो नाही. तिची आंघोळ त्या दिवशी लांबली, आणि मी सबंध लेख नीट केला. त्यातून जो मनुष्य निघाला त्याचा पुतळा चौकात उभारता आला असता.

पण म्हणून माझा राग गैर ठरत नाही. उलट मी पेटलोच. आठवीत संस्कृत मागायला गेलो तेव्हा गुरुजी म्हणाले होते, “तुला कशाला रे? तुला झेपायचं नाही.” तुम्ही तेव्हा आमचे नवे जावई. स्टँडवरून सायकल मारत शाळेत आलात आणि गुरुजींना एवढेच विचारलेत की झेपत नाही, हे न शिकवता कळलं कसं? त्या दिवसापासून एकेक शब्द मी रोजंदारीने मिळवला आहे. वारसाने एकही आला नाही. आणि आता चाळीस वर्षांनी एक डबा म्हणतो की हे शब्द माणसाचे नाहीत. यंत्र माझ्यासारखे लिहीत असेल तर चोरी कोणी कोणाची केली? आधी जन्माला कोण आले? हे सगळे मी प्रांजलला सांगणार होतो. मी पाणी मागितले.

तो पाणी घेऊन आला आणि सहज म्हणाला, “सर, पान काढण्याआधी आम्ही तिला चान्स दिला होता. म्हटलं, डॉक्युमेंटची हिस्टरी पाठव. कोणी, कधी, काय टाइप केलं, सगळं त्यात दिसतं. दोन मिनिटांत क्लिअर झालं असतं. तिने नाही पाठवली. म्हणून मग डाउट आला.”

अशी काही हिस्टरी असते, हे मला ठाऊक नव्हते. मला वाटत होते की खोडले की खोडले. मी मोबाइल काढून त्याच्यापुढे धरला आणि म्हटले, दाखव. त्याने कुठेतरी बोट दाबले. तिचे वाक्य न् वाक्य हिरवे, मध्ये अडखळलेले, खोडून पुन्हा लिहिलेले, तीन दिवसांचे. आणि त्यावरून सकाळी सहा बेचाळीसपासून सात वाजून तेरा मिनिटांपर्यंत जांभळा वरवंटा फिरलेला. शेजारी नाव: अंबादास. प्रत्येक खाडाखोडीपुढे माझे नाव. पोलिसांच्या डायरीतही एवढा तपशील नसतो.

“सर, हे तुम्ही?”

“हो.”

“सगळं?”

“नऊ टक्के तिचं आहे.”

मग तो हसला. मला राग आला, पण कोणाचा ते नीट ठरवता येईना. पोरगा वाईट नाही. त्याने सांगितले की पान परत चढवतो, पण वरच्यांना काहीतरी दाखवावे लागेल. तीन आठवड्यांत संघमित्राने तीन नवे लेख द्यायचे, हिस्टरीसकट. त्यांत दुसऱ्या कोणाचे एक अक्षरही दिसले तर पान कायमचे जाईल, आणि मग तो काही करू शकणार नाही. मी विचारले, अक्षर म्हणजे वेलांटीही धरायची का? तो म्हणाला, “सर, वेलांटी तर नक्कीच.”

घरी येऊन मी सगळे सांगितले. माधुरी भाकरी थापत होती, तिने मागे वळूनही पाहिले नाही. म्हणाली, “तुमच्या लेकीने मान कापून घेतली पण तुमचं नाव नाही सांगितलं. आता बसा परिमळ घेत.” म्हणजे हिलाही माहीत होते. मी संघमित्राला विचारले, तुला कधीपासून माहीत? ती म्हणाली, “दुसऱ्या लेखापासून. मी घाटकोपरच्या बसमध्ये बसून सगळं परत बदलायची आणि मग पाठवायची.” दाजी, अकराच्या अकरा लेख तिचेच गेले होते. माझे एकही विशेषण विक्रोळीच्या पुढे गेले नव्हते. (प्रसिद्ध झालेले मी पुन्हा वाचले नव्हते. तपासलेला पेपर मी दुसऱ्यांदा उघडत नाही.) तुला राग नाही आला, मी विचारले. “आला ना. पण तू चहा पिता पिता इतका खूश दिसायचास.” मग बारावा का नाही बदललास? ती म्हणाली, “तो तुझ्यावर होता ना पप्पा. म्हटलं, तुला जसं दिसायचंय तसं दिस.”

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली सम्यक दूध घेऊन चालला होता, त्याला उगाच ओरडलो.

राग अजून गेलेला नाही, हे लक्षात असू द्या. त्या संकेतस्थळावर आहे, त्या यंत्रावर आहे, साडेतीनशे रुपयांत पोरांचे अनुभव विकत घेणाऱ्या त्या न दिसणाऱ्या मालकावर आहे. उरलेला कोणावर आहे, ते तुम्ही जाणताच. ताईस सांगणे की लोणचे पोचले, मीठ थोडे कमी. (हे तिला सांगितले नाहीत तरी चालेल.) गुडघ्याला जपा.

तुमचा,
अंबादास

ता. क. मूळ काम लिहायचे राहिले. आमची दिवाळीची सुट्टी या आठवड्याअखेर लागते. तुम्ही मला अंबडला बोलावून घ्या. मी सुचवले असे दिसू देऊ नका. माधुरीला फोन करून म्हणा की गुडघा फार दुखतो, अंबादासला पंधरा-वीस दिवस पाठव, आणि जरा कण्हा. खोली एक, स्वयंपाकघर एक, पोरीला तीन लेख लिहायचे आहेत, आणि बाथरूमचे दार वाजले की माझा हात आपोआप मोबाइलकडे जातो. काल मी तो पिठाच्या डब्यात ठेवला होता. माधुरीने पीठ चाळताना जे काही म्हटले ते पत्रात लिहिण्यासारखे नाही. मी स्वतः निघतो म्हटले तर पोरगी म्हणेल, पप्पा माझ्यामुळे घर सोडून गेला. तुम्ही बोलावले तर मी फक्त मेहुण्याचे कर्तव्य करीन. मुक्कामात माझ्यापुढे लिहिलेला कागद ठेवू नये. किराण्याची यादीही नको.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालणार तोच संघमित्राने तीनपैकी पहिला लेख मला वाचायला पाठवला. तो पुन्हा माझ्यावरच आहे. कोथिंबीर आहे, महापालिका आहे. मला त्यात लिहिता येणार नाही अशी सोय करता येते म्हणे, आणि माधुरीने तिला तसे कर म्हणून बजावलेही. तिने ती केलेली नाही. मी शेवटपर्यंत वाचला आणि हात लावलेला नाही. पण तिसऱ्या परिच्छेदात तिने लिहिले आहे की यंदा पप्पांच्या संस्कृतच्या वर्गात चार मुलं आहेत आणि ते चौघांसाठीही तास सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी जाऊन फळा पुसून ठेवतात. चार नाहीत, तीन आहेत. चौथ्याने गणपतीनंतर विषय बदलला. घरी मी बोललो नव्हतो. गुडघ्याचा फोन कराल तेव्हा संघमित्राकडे फोन मागा आणि तेवढा आकडा तिला सांगा. कोणी सांगितले असे तिने विचारले, तर माझे नाव घ्यायला हरकत नाही.